धातूपण येते आणि जाते
(मेढा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



इतिहास, संतसाहित्य, शेती आणि सहकार हे आपल्याकडच्या व्याख्यानमालांचे हक्काचे विषय. आज मी तुमच्यासमोर घनपदार्थांचे भौतिकशास्त्र घेऊन उभा आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी विज्ञान शिकवत, म्हणून हे धाडस. शाळेत आपण सगळेच वहीत दोन रकाने आखतो: एका बाजूला सुवाहक, दुसऱ्या बाजूला दुर्वाहक. तांबे, ॲल्युमिनियम, चांदी इकडे; काच, लाकूड, रबर तिकडे. परीक्षेपुरते ते ठीकच आहे. पण काही पदार्थ असे आहेत की ते आज या रकान्यात असतात आणि थोडे गार किंवा गरम केले, थोडा दाब दिला, चिमूटभर भेसळ केली, की त्या रकान्यात जाऊन बसतात. त्यांतला एक पदार्थ तुमच्या पायाखालीच आहे. म्हणून हा विषय मेढ्यात मांडताना मला परके वाटत नाही.

काळा कातळ, तांबडा जांभा

मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरला निघाले की खडकाचा रंग बदलत जातो. खाली आणि मधल्या कड्यांत काळा कातळ, माथ्यावर तांबडा जांभा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजून हा काळा बेसॉल्ट झाला. जांभा त्याचाच. ऊन, पाऊस आणि हवा यांनी दीर्घकाळ कुजवलेला तो वरचा भाग. कासच्या पठारावर तुम्ही चालता तो थरही याच जातीचा.

काळ्या कातळात मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की जे काळे कण चिकटून येतात, त्यांत हे खनिज असते. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. जांभ्याच्या तांबडेपणामागे लोखंडाची दुसरी संयुगे आहेत. त्यांतले प्रमुख हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. मूलद्रव्ये दोन्हींत तीच. पण घरातल्या तापमानाला मॅग्नेटाइटमधून वीज बऱ्यापैकी वाहते आणि शुद्ध हेमॅटाइटमधून तिच्या कोट्यवधी पटींनी कमी.

फरक आहे तो इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात. प्रत्येक ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात. हेमॅटाइटमध्ये लोखंडाच्या प्रत्येक अणूने तीन-तीन दिले की हिशेब चुकता होतो, हातात काही उरत नाही. मॅग्नेटाइटमध्ये चार ऑक्सिजनांना आठ लागतात. दोन लोह अणूंनी तीन-तीन दिले, तर तिसऱ्याला दोनच द्यावे लागतात. म्हणजे दर तीन लोह अणूंमागे एक इलेक्ट्रॉन शिल्लक राहतो. या स्फटिकात लोखंडाच्या जागा दोन तऱ्हांच्या आहेत: काही चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या, काही सहांनी. सहांनी वेढलेल्या जागांवर निम्मे अणू तीन दिलेले आणि निम्मे दोन दिलेले असतात. शिल्लक इलेक्ट्रॉनाला या अणूवरून त्या अणूवर जायला फारशी ऊर्जा लागत नाही. तो फिरतो, म्हणून वीज वाहते. कातळ कुजताना हवेतला ऑक्सिजन हा शिल्लक इलेक्ट्रॉनही काढून घेतो. मग काळ्याचे तांबडे होते आणि वाहकता संपते.

आज मला एवढेच सांगायचे आहे की धातूपण हा अणूंना जन्मतः चिकटलेला गुण नाही. ती इलेक्ट्रॉनांची एक सामूहिक अवस्था आहे. परिस्थिती अनुकूल असली की ती येते, नसली की जाते. ती कशी येते आणि कशी जाते, याचा शोध नव्वद वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

पट्ट्यांचा हिशेब

तांबे आणि क्वार्ट्झची शुद्ध काच यांच्या विद्युतरोधात एकावर पंचवीस शून्ये इतक्या पटींचा फरक आहे. पदार्थाच्या एखाद्या गुणधर्मात इतकी तफावत क्वचितच सापडते. तिचे पहिले समाधानकारक स्पष्टीकरण पुंजयामिकीने दिले.

एकट्या अणूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात. असंख्य अणू स्फटिकात जवळ आले की प्रत्येक पातळी रुंदावून तिचा ऊर्जापट्टा होतो. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ साली दाखवले की अणू नीट ओळीत मांडलेले असतील, तर इलेक्ट्रॉन त्यांना अडखळत नाही. लाटेसारखा सगळ्या स्फटिकभर पसरतो. मग विजेला अडथळा कुठे होतो? अणूंच्या थरथरण्यात आणि स्फटिकातल्या दोषांत. म्हणूनच तार तापली की तिचा रोध वाढतो. १९३१ साली ॲलन विल्सन यांनी पुढचा प्रश्न सोडवला. पट्ट्यातल्या प्रत्येक अवस्थेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात. पट्टा काठोकाठ भरलेला असेल आणि पुढचा रिकामा पट्टा ऊर्जेने बराच वर असेल, तर इलेक्ट्रॉनांना हालचालीला मुभाच नाही: तो दुर्वाहक. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर धातू. दोन पट्ट्यांमधली फट लहान असेल तर अर्धवाहक.

हे गणित फार सुंदर आहे. स्फटिकाच्या एका घटकात किती इलेक्ट्रॉन आहेत एवढे मोजा. संख्या विषम आली की एक पट्टा अर्धा राहणारच, म्हणून पदार्थ धातू असलाच पाहिजे. सोडियमला, तांब्याला हा नियम चपखल लागू पडतो. सिलिकॉनचे सगळे तंत्रज्ञान, तुमच्या खिशातला मोबाइल धरून, याच पट्ट्यांच्या चित्रावर उभे राहिले. या चित्रात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती: प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्यापुरता वागतो, बाकीच्यांची दखल फक्त सरासरीने घेतो.

१९३७: ब्रिस्टलची परिषद

१९३७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एक परिषद भरली. डी बोअर आणि फेरवे या दोन डच शास्त्रज्ञांनी तिथे निकेल ऑक्साइडसारख्या संयुगांची यादी मांडली. त्यांतल्या निकेल, कोबाल्ट, मँगनीज अशा अणूंचे बाहेरचे कवच अर्धवट भरलेले असते. पट्ट्यांच्या हिशेबाने ही संयुगे धातू असायला हवीत. प्रत्यक्षात शुद्ध निकेल ऑक्साइड हिरवट आणि उत्तम दुर्वाहक असते. सिद्धान्त थोडाथोडका चुकला नव्हता. त्याने पदार्थाला नेमक्या उलट्या रकान्यात टाकले होते.

चर्चेत रुडॉल्फ पायर्ल्स यांनी कारण सुचवले आणि नेव्हिल मॉट यांनी तो धागा पकडला. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. हे ढकलणे सरासरीने मोजून चालणार नाही. कल्पना करा की एसटीत दोन माणसांची बाके आहेत आणि प्रत्येक बाकावर एकच प्रवासी बसला आहे. गाडी निम्मी रिकामी आहे. पण अनोळखी माणसाला खेटून बसायची कोणाचीच तयारी नाही, म्हणून कोणी जागचा हलत नाही. पट्ट्यांचे गणित रिकाम्या जागा मोजते आणि म्हणते की हालचाल होणार. मॉट म्हणाले, आधी खेटून बसण्याची किंमत विचारा.

ही किंमत एका पारड्यात आणि पसरण्याने होणारा ऊर्जेचा फायदा दुसऱ्या पारड्यात, असा हा तोल आहे. अणू एकमेकांपासून दूर असतील तर पसरण्याचा फायदा कमी. इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून राहतात. दाब देऊन अणू जवळ आणले की फायदा वाढतो, आणि एका टप्प्यावर सगळे इलेक्ट्रॉन एकदम सुटतात. मॉट यांनी १९४९ पासून हा विचार विस्ताराने मांडला. जॉन हबर्ड यांनी १९६३ साली त्याला एका नेटक्या समीकरणाचे रूप दिले. समीकरण दिसायला अगदी साधे. पण तीन मितींतल्या खऱ्या पदार्थासाठी ते अचूक सोडवणे आजही कोणाला जमलेले नाही.

मॉट यांचे म्हणणे प्रत्यक्ष मोजून पाहता येईल अशी एक स्वच्छ जागा आहे: फॉस्फरस मिसळलेले सिलिकॉन. फॉस्फरसचे अणू विरळ असतील तर प्रत्येकाचा जादा इलेक्ट्रॉन त्याच्याभोवतीच घुटमळतो आणि अतिशय कमी तापमानाला वीज वाहत नाही. फॉस्फरसचे प्रमाण एका घन सेंटिमीटरमागे सुमारे ३.७ गुणिले १० चा १८ वा घात, म्हणजे साधारण १३ हजार सिलिकॉन अणूंमागे एक, इतके झाले की तेच मिश्रण धातू होते. इतकी विरळ भेसळ, आणि पदार्थाची वर्तणूक पालटते.

यात आणखी एक पेच आहे. अणूंची मांडणी अस्ताव्यस्त असेल, तर एकमेकांना न ढकलणारे इलेक्ट्रॉनही अडकून पडू शकतात, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखवले. १९७९ मध्ये अँडरसन, अब्राहम्स, लिचार्डेलो आणि आपल्या देशातले टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी मिळून लिहिलेल्या निबंधातून पुढचा निष्कर्ष निघाला: एकमेकांना न ढकलणारे इलेक्ट्रॉन अगदी पातळ, द्विमितीय थरात असतील, तर किंचितसा अस्ताव्यस्तपणाही खरे धातूपण नाहीसे करायला पुरेसा असतो. मॉट आणि अँडरसन यांना व्हॅन व्लेक यांच्यासह १९७७ चे नोबेल मिळाले.

फेरवे यांचा बिंदू

आता पुन्हा आपल्या काळ्या खनिजाकडे येऊ. ब्रिस्टलच्या परिषदेतल्या त्याच फेरवे यांनी १९३९ साली मॅग्नेटाइट गार करत करत त्याची वाहकता मोजली. साधारण १२० केल्विनला, म्हणजे शून्याखाली सुमारे १५३ अंश सेल्सिअसला, वाहकता एकदम सुमारे शंभर पटींनी कोसळली. खनिज तेच, अणू तेवढेच. अंशभर तापमानाच्या फरकाने वर्तन बदलले. या बदलाला आज फेरवे संक्रमण म्हणतात, आणि तो ज्या तापमानाला होतो त्याला फेरवे तापमान. वाहक आणि दुर्वाहक यांच्यातल्या अशा उडीचे हे सर्वांत आधी अभ्यासलेल्या उदाहरणांपैकी एक.

फेरवे यांचा अंदाज असा होता: शिल्लक इलेक्ट्रॉन गारठ्यात फिरणे सोडून देतात आणि एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब राहता येईल अशा शिस्तीत बसतात. काही लोह अणू कायमचे दोन दिलेले, काही कायमचे तीन दिलेले, आलटून पालटून. कल्पना इतकी पटण्याजोगी होती की पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. ती तपासणे मात्र महाकठीण निघाले. संक्रमणाच्या वेळी स्फटिकाचा आकार किंचित बिघडतो आणि त्याचे वेगवेगळ्या दिशांनी वळलेले तुकडे पडतात. क्ष-किरणांच्या चित्रात सगळ्यांचे ठसे एकमेकांत मिसळतात. अखेर २०१२ साली एडिंबरा विद्यापीठातल्या ॲटफिल्ड यांच्या गटाने सुमारे ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान असा एक कण घेतला आणि फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, त्याची पूर्ण रचना सोडवली. फेरवे यांचे साधे चित्र तिथे निम्मेच खरे ठरले. शिल्लक इलेक्ट्रॉन एका अणूवर पूर्ण बसलेला नव्हता. ओळीतल्या तीन लोह अणूंनी तो वाटून घेतला होता आणि त्यामुळे ते तीन अणू एकमेकांकडे सरकले होते. अशी त्रिकुटे सगळ्या स्फटिकभर गुंतलेली होती. प्रश्न १९३९ चा, रचनेचे उत्तर २०१२ चे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लेसरचा झटका देऊन ही गोठलेली व्यवस्था मोडून पाहिली, तेव्हा दुर्वाहकाचा वाहक व्हायला साधारण दीड पिकोसेकंद लागले. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

१२० केल्विन हे तापमान आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते. पण सातारा जिल्ह्यातल्या पशुपालकांना त्याहून गार वस्तू परिचयाची आहे. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या मात्रा ज्या डब्यात ठेवतात त्यातला द्रवरूप नायट्रोजन शून्याखाली १९६ अंशांवर असतो. मॅग्नेटाइटचा चांगला स्फटिक त्यात बुडवला तर त्याचा रोध हजारो पटींनी वाढतो. ओढ्यातले काळे कण घेऊन मात्र हा प्रयोग सरळ साधणार नाही, आणि त्याचे कारणही शिकण्याजोगे आहे. बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम मिसळलेले असते. थोडेसे टायटॅनियमही इलेक्ट्रॉनांची शिस्त बिघडवते आणि फेरवे संक्रमण पुसट होते किंवा नाहीसेच होते. लाव्हा सावकाश निवताना टायटॅनियम वेगळ्या पापुद्र्यांत निघून गेले असेल, तर उरलेल्या शुद्ध भागात ते पुन्हा दिसते. म्हणजे या संक्रमणाच्या खुणेवरून खडक कसा निवला, हेही वाचता येते.

भूशास्त्रज्ञ याचा आणखी एक उपयोग करतात. लाव्हा निवताना मॅग्नेटाइटचे कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या कातळातली ही दिशा मोजली. लंडनच्या एका गटाचेही तेच काम चालू होते. या मोजमापांतून दिसले की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे तीस अंशांवर होती. भूखंडे सरकतात हे जगाने पुरते मानण्याआधीचे हे पुरावे. कणांत नंतर चढलेली कच्ची दिशा पुसून मूळची पक्की दिशा तेवढी ठेवायची, तर नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार करून पुन्हा नेहमीच्या तापमानाला आणतात. फेरवे तापमानाच्या आसपास मॅग्नेटाइटचे चुंबकीय गुण बदलतात आणि मोठ्या कणांतली कच्ची आठवण गळून पडते. इलेक्ट्रॉनांचे थिजणे आणि सह्याद्रीचा इतिहास यांचा असा थेट संबंध आहे.

व्हॅनेडियमचा वाद

मॅग्नेटाइटला गारठा लागतो, व्हॅनेडियमच्या एका ऑक्साइडला आंघोळीच्या कढत पाण्याहून थोडी जास्त ऊब पुरते. १९५९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मोरिन यांनी व्हॅनेडियमच्या काही ऑक्साइडांतली संक्रमणे नोंदवली. त्यांतले व्हॅनेडियम डायऑक्साइड साधारण ६८ अंश सेल्सिअसला दुर्वाहकाचे धातू होते. चांगल्या स्फटिकात वाहकता दहा हजार ते एक लाख पटींनी वाढते. दुसरे एक ऑक्साइड शून्याखाली सव्वाशे अंशांच्या आसपास सुमारे कोटी पटींची उडी मारते.

डायऑक्साइडमध्ये प्रत्येक व्हॅनेडियम अणूपाशी एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. थंडीत हे अणू ओळीत जोडीजोडीने जवळ येतात. इथून वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, अणूंनी जोड्या जमवल्या, त्यामुळे स्फटिकाचा घटक दुप्पट झाला, विषमाचे सम झाले, पट्टा भरला, म्हणून दुर्वाहकता आली. याचे मूळ सूत्र पायर्ल्स यांचे. दुसरा पक्ष म्हणतो, नुसत्या जोड्यांनी एवढी मोठी फट पडत नाही. इलेक्ट्रॉनांचे एकमेकांना ढकलणे, म्हणजे मॉट यांचे कारण, हवेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे वेगळे काढणे अवघड जाते. आज बहुतेकांचा कल दोन्ही कारणांच्या जोडकामाकडे आहे. वाद इतका लांबला तो कोणाच्या हट्टामुळे नाही. खऱ्या पदार्थात अणूंची मांडणी, इलेक्ट्रॉनांचे परस्परांना ढकलणे आणि त्यांचे चुंबकत्व यांची एकमेकांपासून फारकत होत नाही, हे त्याचे कारण.

याच पदार्थात उपयोगाची आशाही आहे. धातू झालेले व्हॅनेडियम डायऑक्साइड उष्णतेचे अवरक्त किरण परतवते आणि दिसणारा प्रकाश बऱ्याच अंशी तसाच आत येऊ देते. खिडकीच्या काचेवर त्याचा पातळ थर दिला तर उन्हाळ्यात उष्णता आपोआप अडेल. ६८ अंश फार होतात, म्हणून टंगस्टन मिसळतात. शंभरात एक अणू टंगस्टनचा घातला की हे तापमान वीसएक अंशांनी खाली येते. अडचणीही आहेत: थर पिवळट तपकिरी दिसतो, आणि अडवलेली उष्णता अजून अपेक्षेइतकी नाही. सूक्ष्म स्विच, स्मृतिपेशी आणि मेंदूतल्या चेतापेशींच्या धर्तीवर चालणारी परिपथे यांसाठीही या पदार्थांवर प्रयोग चालू आहेत.

आपल्या माणसांचे काम

हे सगळे परदेशातच घडले असे नाही. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. व्ही. जी. भिडे यांनी सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांबरोबर १९७२ साली लँथॅनम कोबाल्टाइट या ऑक्साइडावर महत्त्वाचा निबंध लिहिला. तापमान वाढवत नेले की यातल्या कोबाल्टच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी टप्प्याटप्प्याने बदलते. अणूला बांधलेले इलेक्ट्रॉन शेवटी सगळ्या स्फटिकाचे सामाईक होतात. बाहेरून रोध मोजला तर फक्त शेवटचा परिणाम दिसतो. भिडे यांनी मॉसबाउअर वर्णपटाचे तंत्र वापरले. त्यात अणूच्या गाभ्यातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या सूक्ष्म फरकांवरून त्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची स्थिती कळते. स्फटिकाच्या आत बसलेल्या साक्षीदाराला विचारण्याचा हा मार्ग होता.

पुणे विद्यापीठातून पुढे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात काम केलेले सतीशचंद्र ओगले यांनी तिथल्या सहकाऱ्यांसह मँगनीजच्या ऑक्साइडांवर आणि मॅग्नेटाइटच्या पातळ थरांवर संशोधन केले. लँथॅनम मँगनाइट दुर्वाहक आहे. त्यातल्या लँथॅनमचा सुमारे एक तृतीयांश भाग काढून तिथे कॅल्शियम घातले की थंडीत ते चुंबकीय धातू होते. त्या संक्रमणाजवळ बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले तर रोध प्रचंड कोसळतो. इलेक्ट्रॉनाला शेजारच्या अणूवर जाण्याची परवानगी तिथल्या चुंबकत्वाची दिशा ठरवते, म्हणून हे घडते.

आणखी जवळचे उदाहरण आपल्याच विद्यापीठाचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, ज्याच्या कक्षेत सातारा आणि सांगली येतात, पातळ थरांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. द्रावणाचे तुषार तापवलेल्या काचेवर उडवून थर जमवण्याची स्वस्त पद्धत तिथे जोपासली गेली. प्रा. पी. एस. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा पद्धतींनी टंगस्टन ऑक्साइडचे थर करून त्यांचा रंगबदल अभ्यासला. टंगस्टन ऑक्साइड मुळात दुर्वाहक आणि जवळजवळ पारदर्शक असते. विजेच्या साहाय्याने त्यात इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन किंवा लिथियमचे आयन शिरवले की ते गडद निळे होते. उलट दिशेने वीज दिली की रंग जातो. हा गुण सत्येन देब यांनी १९६९ साली दाखवला होता. याच ऑक्साइडात सोडियम मिसळत गेले तर, दर टंगस्टनमागे पाव अणूच्या आसपास प्रमाण पोचल्यावर, पदार्थ धातू होतो. जांभ्यात इलेक्ट्रॉन काढून घेतल्याने वाहकता गेली. इथे इलेक्ट्रॉन घातल्याने ती येते.

इलेक्ट्रॉन आत काय करतात हे थेट पाहण्याचा एक मार्ग प्रकाशाचा आहे. जोरकस प्रकाश टाकून पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे आणि त्यांची ऊर्जा मोजायची. धातूत सर्वांत वरचे इलेक्ट्रॉन भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेपर्यंत थेट पोचलेले दिसतात. दुर्वाहकात सीमेपाशी फट दिसते. इंदूरला सिंक्रोट्रॉन आहे आणि अशा मोजमापांची सोयही आहे. दुसरा मार्ग संगणकाचा. १९६० च्या दशकात वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी घातलेल्या पायावरची गणिते सोडियमसाठी, सिलिकॉनसाठी उत्तम चालतात. पण त्यांचे साधे रूप आयर्न ऑक्साइड आणि कोबाल्ट ऑक्साइड यांना धातू ठरवते. म्हणजे १९३७ चीच चूक, फक्त संगणकाच्या वेगाने. ती सुधारायला १९९० नंतर नवी तंत्रे आली. त्यांत एका अणूवरचे इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात हे काळाच्या ओघासह नीट मोजतात आणि बाकीच्या स्फटिकाचा परिणाम त्यावर बसवतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन अर्धवट बांधलेला आणि अर्धवट मोकळा असू शकतो, ही मधली स्थिती पहिल्यांदा गणितात पकडता आली.

प्रश्न कसा विचारावा

आता एक साधा प्रश्न. घरातल्या तापमानाला मॅग्नेटाइट धातू आहे की नाही? नव्वद वर्षांच्या अभ्यासानंतरही याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. फेरवे तापमानाच्या वर ते चांगले वाहते खरे, पण तिथून घरातल्या तापमानापर्यंत ते तापवत गेले तर रोध कमी होत जातो. हे धातूचे लक्षण नव्हे. त्याच्या प्रकाश-मोजणीतही तांब्यासारखी स्वच्छ सीमा दिसत नाही. अलीकडच्या प्रयोगांत आढळले की थंडीत जी व्यवस्था सगळ्या स्फटिकभर पसरते, तिचे अल्पजीवी अवशेष त्याच्या वर शेकडो अंशांपर्यंत टिकून असतात. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ज्या साधारण ५८० अंश सेल्सिअसला नाहीसे होते, तिथपर्यंत त्यांचा माग लागतो. म्हणजे फेरवे तापमानाला इलेक्ट्रॉन अचानक बांधले जातात असे नाही. आधीपासून इथेतिथे बांधले जात आणि सुटत असतात. त्या तापमानाला त्यांच्यात सार्वत्रिक शिस्त येते.

यातून शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहार्य गोष्ट निघते. 'हा पदार्थ धातू आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. किती तापमानाला, किती दाबाखाली, किती शुद्ध नमुन्यात, आणि तापवल्यावर रोध वाढतो की घटतो, एवढे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये. शेवटची कसोटी तर शाळेतही लावता येते. विजेच्या बल्बची तार थंड असताना आणि पेटलेली असताना तिचा रोध काढा. तो वाढलेला आढळेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थर्मिस्टर नावाचा स्वस्त भाग मिळतो. त्याचा नेहमीचा प्रकार मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांचा केलेला असतो आणि बऱ्याचदा त्याची स्फटिकरचना मॅग्नेटाइटच्याच घराण्यातली असते. तो गरम पाण्यात धरा, रोध उतरेल. एका मल्टिमीटरवर, एका तासिकेत, इलेक्ट्रॉनांच्या दोन वेगळ्या अवस्था वहीत आकड्यांनी नोंदवता येतात. ब्रिस्टलच्या परिषदेत ज्या ऑक्साइडांनी सिद्धान्ताला अडचणीत आणले, त्याच कुळातला पदार्थ त्या वेळी विद्यार्थ्याच्या हातात असेल. संयोजकांनी तालुक्यातल्या शाळांसाठी असा एक संच तयार केला, तर गुरुजींच्या स्मृतीचे काम व्याख्यानाच्या पुढे जाईल. त्यासाठी लागेल ती मदत करायला मी बांधील आहे.